कमरेला शस्त्र लावून मुंबईत वावरताना

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. दादरला आपले सराफी दुकान आहे आणि राहायला आपण मुलुंडला आहात. दुकान बंद करून रात्री परतताना दोनदा आपला पाठलाग झाला. त्याची पोलिसांकडे नोंद केल्यानंतर आपण रीतसर अर्ज केला, परवाना मिळाला आणि गेल्याच महिन्यात .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. आता ते रोज कमरेला लावून लोकलने जावे का, ते भरलेले ठेवावे का, आणि प्रसंग आलाच तर कायद्याने गोळी केव्हा झाडता येते, हे आपले तीन प्रश्न आहेत. घरी नऊ वर्षांची मुलगी आणि थकलेले वडील आहेत, हे आपण अगदी शेवटी एका ओळीत लिहिले आहे. मी अनेक वर्षे परवानाधारक नागरिकांना आणि सुरक्षारक्षकांना शस्त्र हाताळायला शिकवत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या तिन्ही प्रश्नांपेक्षा ती ओळ अधिक महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुढे येतोच.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. परवानाधारकाच्या हातून गोळी सुटते ती बहुतेक वेळा चोर समोर असताना सुटत नाही. ती सुटते कपाट उघडताना, पँट बदलताना, गाडीच्या सीटखालून शस्त्र काढताना, साफसफाई करताना किंवा मित्राला कौतुकाने दाखवताना. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. बाहेरगावी निघण्यापूर्वी ते कपाटात ठेवत असताना हातातून निसटले, असे तेव्हा त्यांच्या वतीने सांगण्यात आले. घरात शत्रू नव्हता, भांडण नव्हते, नेहमीचे कपाट आणि प्रवासाची घाई एवढेच होते. शस्त्राला हात जितक्या कमी वेळा लागेल तितके ते सुरक्षित राहते, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो आणि शेवटच्या दिवशी पुन्हा सांगतो.

हे मी दुसऱ्यांच्या चुका मोजून सांगत नाही. १९९७च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणवर्गानंतर मी पिस्तूल साफ करायला बसलो होतो. आधी काडतुसांची पेटी म्हणजे मॅगझिन काढायचे, मग नळीवरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड मागे ओढून चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या घरातले, काडतूस बाहेर टाकायचे, हा क्रम मी शेकडो लोकांना शिकवला होता. त्या दिवशी कोणाशी तरी बोलता बोलता मी स्लाइड आधी ओढली. एक काडतूस बाहेर पडले, मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसले, आणि त्यानंतर मी मॅगझिन काढले. पडलेले काडतूस समोर दिसत होते, म्हणून पिस्तूल रिकामे आहे असे मी धरून चाललो आणि चाप दाबला. गोळी फरशीला घासून भिंतीत घुसली. खोलीत आणखी दोन माणसे होती आणि दोघेही दाराच्या बाजूला उभे होते, म्हणूनच हा प्रसंग मी आज लिहू शकतो. ज्ञान कमी नव्हते, फक्त त्या क्षणी लक्ष दुसरीकडे होते. तेव्हापासून शस्त्र हातात असताना मी कोणाशी बोलत नाही, फोन घेत नाही, आणि चेंबर डोळ्यांनी पाहून झाल्यावर करंगळी आत घालून पुन्हा चाचपतो.

आता भरलेले ठेवण्याचा प्रश्न. रिव्हॉल्व्हरला पिस्तुलासारखी वेगळी सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, बहुधा नसते. त्याचा जड चाप हीच त्याची सुरक्षा असते. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी अडसराची पट्टी नसते, किंवा असूनही ती झिजलेली असते, ते दगडी फरशीवर घोड्याच्या बाजूने पडले तर चाप न दाबताही गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसे भरावीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चाप ओढला की सिलिंडर फिरून पुढचे भरलेले घर नळीसमोर येते, त्यामुळे गरजेच्या वेळी यात काहीही वाया जात नाही. घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवण्याची सवय मात्र कधीही लावू नये. घोडा मागे असताना चाप इतका हलका होतो, की घाबरलेल्या बोटाचा थरकापसुद्धा त्याला पुरतो, आणि गोळी न झाडता तो घोडा हळूच खाली आणणे हे थरथरत्या हाताचे काम नव्हे. पुढे कधी आपण पिस्तूल घेतलेत, तर पहिले वर्षभर चेंबर रिकामे आणि मॅगझिन भरलेले अशा स्थितीतच ते बाळगावे. काही प्रशिक्षक याच्या उलट सांगतात आणि त्यांचा मुद्दा वेळेचा असतो. पण नवख्या माणसाकडून वाचलेल्या एका सेकंदापेक्षा न घडलेला अपघात मला मोलाचा वाटतो. आणखी एक लक्षात ठेवावे. .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि .३२ पिस्तुलाचे काडतूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींच्या नावात .३२ आहे म्हणून ती एकमेकांच्या शस्त्रात चालत नाहीत. दुकानातून घेताना खोक्यावरचे नाव आणि काडतुसाच्या बुडावरची खूण दोन्ही वाचावे.

होल्स्टरविषयी, म्हणजे शस्त्र ठेवण्याच्या कमरेच्या आवरणाविषयी, आपण काही विचारलेले नाही, आणि बहुतेक जण विचारत नाहीत. परवान्याचे शस्त्र स्वस्त येत नाही, पण होल्स्टरवर पाचशे रुपये घालवताना माणसे हात आखडता घेतात. पँटच्या खिशात, कमरेच्या पट्ट्यात नुसते खोचून किंवा दागिन्यांच्या पिशवीत किल्ल्यांबरोबर टाकलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे चापाला किल्ली अडकण्याचे निमंत्रण आहे. होल्स्टर ताठ असावे, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारे असावे, उलटे धरून हलवले तरी शस्त्र बाहेर पडू नये, आणि ते जाड पट्ट्यावर घट्ट बसावे. घरून निघताना होल्स्टर शस्त्रासह कमरेला चढवावे आणि घरी आल्यावर शस्त्रासहच उतरवावे. दिवसभरात शस्त्र होल्स्टरबाहेर काढण्याची वेळ येता कामा नये. बाहेरच्या स्वच्छतागृहात याची खरी परीक्षा होते, कारण तिथे पट्टा सैल होतो आणि माणूस शस्त्र काढून टाकीवर किंवा खिडकीत ठेवतो. मी स्वतः दोन माणसे पाहिली आहेत, जी तिथून तशीच निघून गेली आणि अर्ध्या रस्त्यातून धावत परत आली. महिला विद्यार्थिनींना मी आवर्जून सांगतो, की पर्समधले शस्त्र म्हणजे खुर्चीला अडकवलेले शस्त्र. २०१४ मध्ये सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ हे हलके .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हा ते पर्समध्ये सहज मावते याचेच कौतुक अधिक झाले. पण हॉटेलात जेवताना ती पर्स कोणाच्या हाताशी असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

इथून आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. शस्त्र नियम, २०१६ यांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याबाबत दोन अटी घातल्या आहेत. हातातले छोटे शस्त्र त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात पूर्ण झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. पहिली अट सदरा बाहेर ठेवून भागते. दुसरी अट मुंबईत कठीण आहे. संध्याकाळी सात वाजता दादरच्या फलाटावरून मुलुंडकडची जलद गाडी पकडताना आपले हात कोठे असतात, याचा विचार करावा. एक हात वरच्या कडीला, दुसरा पिशवीला, आणि कमरेच्या चारही बाजूंना अनोळखी माणसांची शरीरे दाबलेली. त्या गर्दीत पाकीट गेलेले उतरल्यावर कळते. शस्त्र गेल्याचेही उतरल्यावरच कळेल, आणि तोवर ते कोणाच्या हातात पोहोचले असेल ते सांगता येणार नाही. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये परिणामकारक ताबा ठेवता येतो, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. ज्या रात्री माल किंवा रोकड बरोबर असेल त्या रात्री स्वतःच्या वाहनाने, बरोबर एक माणूस घेऊन, दर वेळी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रस्त्याने जावे, आणि शस्त्र फक्त त्याच रात्री बरोबर घ्यावे. आपला पाठलाग झाला तो आपण रोज ठरावीक वेळी निघता म्हणूनच झाला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यावरचा उपाय रिव्हॉल्व्हर नाही.

परवान्याच्या कागदावर मागे छापलेल्या अटी आपण वाचल्या आहेत का, हे विचारणे मला भाग आहे, कारण दहांपैकी आठ जण त्या वाचत नाहीत. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते त्यात लिहिलेले असते. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द लागते, हे आपल्याला सांगायला नकोच. जत्रा, धार्मिक मिरवणुका, इतर सार्वजनिक मेळावे आणि शैक्षणिक संस्थांचे आवार या ठिकाणी खास परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई आहे. याचा मुंबईतला अर्थ असा, की अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर, दहीहंडीच्या चौकात, माहीमच्या किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, आणि मुलीला शाळेत सोडायला जाताना शस्त्र बरोबर नको. शाळेच्या फाटकाशी दोन मिनिटे थांबायचे आहे, गाडीतून उतरायचेही नाही, ही सबब मी अनेकदा ऐकली आहे, पण ती अटीत बसत नाही. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणारे मनाई आदेश असतात. ते आपल्याला लागू आहेत की परवानाधारकांना सूट आहे, हे आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. परवान्याची मूळ प्रत नेहमी अंगावर असावी, कारण पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास ती दाखवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

मॉल, सिनेमागृह, न्यायालय, बँक आणि विमानतळ यांच्या दारात तपासणी होते. तिथे पोहोचल्यावर शस्त्राचे काय करायचे, हे घरून निघतानाच ठरलेले असले पाहिजे. गाडीचा समोरचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे, आणि किल्ली ज्याच्या हाती देता त्या पार्किंगच्या मुलाच्या हाती आपण शस्त्रही देत असता. विमानतळाचा विषय वेगळा काढतो. गोळीबाराच्या सरावासाठी रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कोपऱ्यात एक जिवंत काडतूस राहून जाते, महिन्याभराने तीच बॅग घेऊन माणूस सहारच्या विमानतळावर जातो, क्ष-किरण यंत्रात ते दिसते आणि विमान निघून गेल्यावर तो पोलीस ठाण्यात जबाब देत बसतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, असा बचाव न्यायालयात टिकू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२च्या गुणवंतलाल प्रकरणात ताब्यामागे जाणीव असावी लागते हे सांगितले आहे. पण तोवर गेलेले महिने परत येत नाहीत. काडतुसांची बॅग वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

आता कायद्याचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. शरीराच्या बचावासाठी मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क जातो तो कलम ३८ मधल्या प्रसंगांत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला आणि अॅसिडहल्ला हे त्यातले मुख्य प्रसंग आहेत. मालमत्तेसाठी तो कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी किंवा गृहअतिक्रमण अशा मोजक्या प्रसंगांपुरताच तितका लांब जातो. आणि या सगळ्यांवर कलम ३७चा लगाम आहे. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्याच रस्त्यावरचे प्रसंग घेऊ. गाडीच्या दारात उभे असताना रुळांकडेच्या फटका टोळीतल्या पोराने काठी मारून आपला मोबाइल पाडला आणि तो उचलून पळाला. त्याच्यावर गोळी झाडणे हा गुन्हा आहे, कारण धोका संपला आहे आणि पाठ फिरवून पळणारा माणूस कोणाच्या जिवावर उठलेला नाही. दुकानाचे शटर खाली ओढताना दोघांनी चॉपर, म्हणजे मोठा सुरा, काढून गळ्याशी लावला, तर हक्क निश्चित आहे. तरीही मी पिशवी देऊन टाका असेच सांगेन, कारण गळ्याशी असलेला चॉपर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निघण्याच्या आत आपले काम करतो, आणि पिशवीतल्या मालाचा विमा उतरवता येतो. पिशवी दिल्यावरही वार करायला हात उगारला गेला, किंवा गाडीत कोंबून नेऊ लागले, तर मात्र प्रसंग बदलला. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या दर्शन सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे, की हल्ल्यात सापडलेल्या माणसाने भ्याडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि त्या क्षणीचे त्याचे प्रत्युत्तर नाजूक तराजूत तोलता येत नाही. पण हाच निकाल असेही सांगतो, की हा हक्क बचावाचा आहे, सूड उगवण्याचा नाही. न्यायालय आपल्याला मागे हटायला भाग पाडत नाही, हे खरे. तरी मागे हटण्याची वाट मोकळी असेल तर ती घ्यावी, असे मी शिकवतो, कारण न्यायालयात निर्दोष ठरण्यास जी वर्षे लागतात ती आपल्या मुलीच्या बालपणातली असतील.

मुंबईत आणखी एक प्रश्न असतो, तो आपल्या लक्ष्याच्या मागे कोण आहे याचा. या शहरात मागे कोणीतरी असतेच. बसथांब्यावरची रांग, पदपथावरचा भाजीवाला, प्लायवूडच्या भिंतीपलीकडचे बिऱ्हाड. गोळी चुकली तरी थांबत नाही, आणि .३२ची गोळी पातळ फळीतून सहज आरपार जाऊ शकते. प्राणघातक हल्ल्यापासून बचाव करताना निरपराध्याला धोका पोहोचवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर कलम ४४ तो धोका पत्करण्याची मुभा देते, आणि जमाव मारायला धावून आला आहे व त्यात लहान मुले मिसळलेली आहेत, असे उदाहरणही तिथे दिले आहे. पण गत्यंतर नव्हते हे आपल्याला दाखवावे लागते. आपण अपवादात बसतो हे सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर आहे, आणि त्या दिवशी आरोपी आपण असणार.

शस्त्र दाखवून धमकावणे हा कोणताही मधला मार्ग नाही. पूर्व द्रुतगती मार्गावर कोणी गाडी घासली, त्याने शिवी दिली आणि आपण सदऱ्याचे टोक वर करून रिव्हॉल्व्हरची मूठ दाखवली, तर तो न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे गुन्हेगारी धाकदपटशा होऊ शकतो. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारण्यास नियमांनीही मनाई केली आहे आणि त्यात परवाना जाऊ शकतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याविषयी मी फक्त एवढे सांगतो, की २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५(९) आले आहे आणि त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना मिळाल्यानंतर माणसाचा स्वभाव बदललेला मी पाहिला आहे. काही जण शांत होतात. काहींची मान ताठ होते, पार्किंगवरून आवाज चढतो. ज्याच्या कमरेला शस्त्र आहे त्याने प्रत्येक वादात पहिल्यांदा माघार घेतली पाहिजे, कारण तो वाद चिघळला तर शेवट कोठे होईल हे फक्त त्यालाच ठाऊक असते. ज्या संध्याकाळी एक पेगही घ्यायचा विचार आहे, ज्या दिवशी झोप आणणारे औषध घेतले आहे, ज्या दिवशी भागीदाराशी हिशेबावरून कडाक्याचे भांडण झाले आहे, त्या दिवशी शस्त्र तिजोरीतच राहिले पाहिजे.

दुर्दैवाने गोळी झाडावीच लागली, तर पुढची काही मिनिटे महत्त्वाची असतात. धोका संपला आहे याची खात्री झाली की बोट चापावरून काढावे, शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा जमिनीवर ठेवावे आणि ११२ वर फोन करून पोलीस व रुग्णवाहिका दोन्ही मागवाव्यात, जखमी हल्लेखोरासाठीसुद्धा. पोलीस येतील तेव्हा हात रिकामे आणि दिसतील असे असावेत, कारण त्यांना त्या क्षणी एवढेच माहीत असते की कोणीतरी गोळी झाडली आहे. रिकामी काडतुसे उचलू नयेत, सिलिंडर उघडून साफ करू नये, कोणाचा चॉपर पायाने सरकवू नये. मी कोण, माझ्यावर हल्ला झाला, परवाना हा, साक्षीदार आणि सीसीटीव्ही तिथे आहेत, इतके लगेच सांगावे. सविस्तर जबाबासाठी वकिलाची उपस्थिती मागावी. शस्त्र जप्त होईल, पंचनामा होईल, ते कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाईल आणि बराच काळ परत येणार नाही. यात पोलिसांचा आपल्यावर राग आहे असे समजू नये, कारण ते त्यांचे काम आहे.

आता ती शेवटची ओळ. नऊ वर्षांच्या मुलीला बाबांनी कपाटात काय ठेवले हे पहिल्या आठवड्यातच कळते. लपवलेली वस्तू शोधून काढणे हा त्या वयाचा खेळच असतो. म्हणून शस्त्र लपवू नये, ते कुलपात ठेवावे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली छोटी पोलादी तिजोरी घ्यावी, त्यात शस्त्र रिकामे करून ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलूपबंद ठिकाणी असावीत, आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नसाव्यात. तिजोरीच्या आकड्यांत मुलीची जन्मतारीख नको, कारण तो आकडा ती सर्वांत आधी लावून पाहील. सुरक्षित साठवणुकीची हमी आपण अर्जासोबत लिहून दिलेलीच आहे. त्याच वेळी मुलीला एकदा शांतपणे सांगावे, की असे काही कोठेही दिसले, मैत्रिणीच्या घरी दिसले तरी, हात लावायचा नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे.

वडिलांविषयी मी अधिक मोकळेपणाने लिहितो. वय झालेल्या, आजाराने खचलेल्या किंवा जोडीदार गमावलेल्या माणसाच्या मनात कोणत्या रात्री काय येईल, ते घरातल्यांनाही कळत नाही. आत्महत्येचा विचार पुष्कळदा ओसरतो, पण शस्त्र हाताशी असेल तर ओसरण्यास वेळ मिळत नाही. घरात कोणाचीही अशी अवस्था जाणवली, स्वतःची असली तरी, तर शस्त्र त्याच दिवशी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी आणि डॉक्टरांशी किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. यात कमीपणा नाही. तिजोरीचा आकडा घरात कोणालाही सांगायचा नाही, आणि तोच नियम दुकानातल्या विश्वासू नोकरालाही लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल गोळ्या झाडणाऱ्याचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. आपल्या नावाचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडले, तर पोलिसांचा पहिला प्रश्न आपल्याला असतो. दुरुस्तीसाठी पाठवायचे झाले तर कायदा आपल्या लेखी अधिकारपत्रावर ते दुसऱ्याला नेऊ देतो, पण मी स्वतः घेऊन जाणेच पसंत करतो.

मुंबईची हवा शस्त्राची वैरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खारी ओल आणि घाम मिळून चार दिवसांत नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके आणतात. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते, म्हणून शस्त्र होल्स्टरमध्ये घालून तिजोरीत कधीही ठेवू नये. कोरड्या कपड्याने पुसून, पातळ तेलाचा हलका हात फिरवून, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. काडतुसांना मात्र तेलाचा स्पर्शही नको, कारण ते काडतुसाच्या बुडातल्या टोपीत झिरपून आतली दारू निकामी करू शकते.

सरावाविषयी माझा आग्रह थोडा कडक आहे. परवान्यापूर्वी घेतलेले सुरक्षा प्रशिक्षण ही सुरुवात आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी अधिकृत रेंजवर जाऊन, तीन ते सात मीटरच्या अंतरावरून, सदऱ्याखालून होल्स्टर मोकळे करून गोळी झाडण्याचा सराव करावा, आणि गोळी न झाडता शस्त्र परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा सराव त्याहून अधिक करावा. दोन वर्षे रेंजवर न गेलेल्या माणसाने शस्त्र बाळगू नये, असे माझे मत आहे. कायदा असे म्हणत नाही, मी म्हणतो.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर शस्त्र घरात राहिले तर ते बेकायदा ठरते, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज पुरेसा आधी द्यावा. निवडणुकीच्या काळात जमा करण्याची नोटीस आल्यास वाद न घालता जमा करून पावती जपावी. आपल्याला खरोखर धोका असेल तर छाननी समितीकडे कारणासह सूट मागता येते. हरवले किंवा चोरीस गेले तर त्याच घटकेला जवळच्या ठाण्यात कळवावे. शरम वाटून एक रात्र थांबलेली माणसे मी पाहिली आहेत आणि ती एक रात्रच पुढे त्यांच्या विरोधात उभी राहिली.

शेवटी एक काम सांगतो, ते रिव्हॉल्व्हर बाहेर काढण्यापूर्वी करावे. पंधरा दिवस रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवावे आणि होल्स्टरमध्ये तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा घालून ते रोज कमरेला लावावे. खिशात एक छोटी वही ठेवावी. ठोकळ्याला दिवसातून किती वेळा नकळत हात गेला, सदरा किती वेळा वर सरकला, कोणाचे कोपर त्याला लागले, स्वच्छतागृहात तो कोठे ठेवला, शाळेच्या फाटकाशी किंवा मॉलच्या दारात किती वेळा पोहोचलात, रस्त्यात कोणाशी आवाज चढला का, हे रोज रात्री लिहावे. सोळाव्या दिवशी ती वही वाचून, कोणत्या रात्री शस्त्र बरोबर घ्यायचे आणि कोणत्या दिवशी नाही, याची यादी आपली आपणच करावी. वही घेऊन माझ्याकडे आलात तर आपण ती एकत्र बसून वाचू.